साहस केलेलें आणि साहस लिहिलेलें

शाहूवाडी तालुक्याचा आणि समुद्राचा संबंध काय, असें कोणीं विचारलें तर तो प्रश्न प्रथमदर्शनीं थट्टेचाच वाटेल. कोल्हापूरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर पसरलेला हा डोंगरी मुलूख. भाताचीं खाचरें, नाचणीच्या वरकस जमिनी, दाट जंगल आणि धो धो पाऊस हें येथलें वैभव. समुद्र येथून दिसत नाहीं. परंतु आंबा घाट किंवा अणुस्कुऱ्याचा घाट उतरला कीं लगेच कोंकण लागतें, आणि अणुस्कुऱ्याची जुनी वाट तर सरळ राजापूर बंदराकडे जाते. याच तालुक्यांत विशाळगड उभा आहे. त्याचें जुनें नांव खेळणा. पंधराव्या शतकांत बहामनी सुलतानांना या गडाचा जो जाच होत असे, तो केवळ त्याच्या कड्यांमुळें नव्हे, तर त्याच्या राजांच्या जहाजांमुळेंहि होत असे.

इ. स. १४५३ मध्यें मलिक-उत्-तुजार हा बहामनी सरदार या मुलखावर चालून आला. शिर्के राजानें वाट दाखविण्याच्या मिषानें त्याला खेळण्याच्या रानांत नेलें आणि तेथें तो आपल्या सैन्यासह मारला गेला. पुढें १४६९ ते १४७२ या काळांत वजीर महमूद गवान यानें पुन्हां मोहीम केली. संगमेश्वरचे आणि खेळण्याचे राजे व्यापाऱ्यांचीं व यात्रेकरूंचीं जहाजें लुटतात, हें त्या मोहिमेचें एक प्रमुख कारण होतें. गवानानें खेळणा घेतला आणि १४७२ मध्यें गोवेंहि घेतलें.

हा इतिहास आपणांस ठाऊक आहे, कारण महमूद गवानानें आपल्या मोहिमेचीं फारसी पत्रें लिहिलीं आणि तीं ‘रियाझ-उल्-इन्शा’ या संग्रहांत टिकून राहिलीं. आणि कारण फेरिश्ता या इतिहासकारानें शंभराहून अधिक वर्षांनीं ती हकीकत आपल्या ग्रंथांत नोंदली. खेळण्याच्या राजाच्या जहाजांवर कोण होतें, तीं कोठें बांधलीं गेलीं, पावसाळ्यांत कोणत्या खाडींत ओढून ठेवीत, वादळांत सांपडल्यावर तांडेलानें काय केलें, याविषयीं त्या माणसांच्या स्वतःच्या हातची एक ओळहि आपल्यापाशीं नाहीं. पराक्रम त्यांचा, लेखणी प्रतिपक्षाची. म्हणून ग्रंथांत ते केवळ लुटारू म्हणून उरले.

समुद्रावरील आणि आकाशांतील साहसाच्या कादंबऱ्या व आठवणी हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो निव्वळ करमणुकीचा नाहीं, हें ध्यानांत यावें म्हणून आरंभींच खेळण्याची गोष्ट सांगितली. साहसाचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे तें करणें, आणि दुसरा म्हणजे तें लिहून ठेवणें. दुसरा भाग ज्यांनीं टाळला, त्यांचा पहिला भाग इतरांच्या मर्जीवर राहिला. हें एक सूत्र मनांत धरून या वाङ्मयाकडे पाहिलें म्हणजे त्याचें खरें मोल कळतें.

प्रथम हें वाङ्मय जन्माला कसें येतें तें पाहूं. जमिनीवर वाट चुकलेल्या माणसास पुढल्या गांवीं विचारतां येतें. भर समुद्रांत विचारणार कोणाला? म्हणून कोणत्या दिशेनें, किती वेगानें आणि किती वेळ आपण चाललों, या तीन गोष्टी खलाशाला नियमानें टिपून ठेवाव्या लागतात. त्या टिपणांवरूनच आपण कोठें आहोंत याचा अदमास त्याला बांधतां येतो. पूर्व-पश्चिम अंतर काढण्याची रीत तर मोठी मौजेची आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश आणि चार मिनिटांना एक अंश. मूळ बंदराची वेळ दाखविणारें घड्याळ जवळ असलें आणि डोक्यावर सूर्य येण्याची जागेवरची वेळ मोजली, कीं दोहोंतील फरकावरून रेखांश निघतो. घड्याळ चारच मिनिटांनीं चुकलें, तर विषुववृत्तापाशीं जहाजाचें ठिकाण ६० सागरी मैलांनीं, म्हणजे १११ किलोमीटरांनीं चुकतें. तेवढ्या अंतरांत एखादें बेट किंवा खडक सहज दडून बसेल. अलीकडे उपग्रहांमुळें हें गणित यंत्रच करतें. तथापि यंत्र बिघडल्यास उपयोगीं पडावें म्हणून दूरचे दर्यावर्दी अजूनहि तें शिकतात.

यावरून कळेल कीं, जहाजावरची रोजनिशी ही हौस नसून जीव राखण्याचें साधन आहे. दर्यावर्दी लेखकाची भाषा बहुधा मोजकी असते, तिचेंहि कारण हेंच. वारा नैर्ऋत्येचा, लाट अमुक उंचीची, शीड फाटलें, दुपारीं शिवलें, अशा वाक्यांत तो वर्षानुवर्षें विचार करीत आलेला असतो. पुढें घरीं परतल्यावर तो आठवणी लिहावयास बसतो, तेव्हां त्या कोरड्या टिपणांमागचें भय, एकलेपण, भूक आणि आनंद तो भरून काढतो. जोशुआ स्लोकम हा पृथ्वीप्रदक्षिणा एकट्यानें करणारा पहिला मनुष्य. तो १८९५ मध्यें निघाला, १८९८ मध्यें परतला आणि १९०० मध्यें त्याचें पुस्तक ग्रंथरूपानें निघालें. आज शंभराहून अधिक वर्षांनींहि तें वाचलें जातें, कारण त्यांत बढाई थोडी आणि नोंद पुष्कळ आहे.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या पूर्वजांना समुद्राचें ज्ञान नव्हतें असें मुळींच नाहीं. कोल्हापूरच्या दरबारांत १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालेलें, रामचंद्रपंत अमात्यांचें ‘आज्ञापत्र’ पाहावें. त्यांत आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजें फार थोर नसावींत व फार लहानहि नसावींत. पावसाळ्यांत त्यांची छावणी किल्ल्याच्या आश्रयाला असावी. जहाजांच्या लांकडासाठीं रयतेच्या आंबा-फणसाच्या झाडांवर जुलमानें कुऱ्हाड घालूं नये, कारण तीं झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, अशा आशयाची बारीक सूचना त्यांत आढळते. समुद्र जाणणाऱ्या मुत्सद्द्याचीच ही लेखणी आहे. तथापि हा नियमांचा ग्रंथ आहे. आरमार कसें राखावें तें त्यांत आहे. आरमारावर राहून काय वाटलें तें त्यांत नाहीं.

अनुभव मात्र परक्यांच्या कागदांत सांपडतो. १६६५ च्या फेब्रुवारींत शिवाजी महाराज मालवणाहून समुद्रमार्गें बसरूरच्या मोहिमेवर गेले. त्यांच्याबरोबर ८५ गलबतें आणि ३ मोठीं जहाजें होतीं, ही संख्या आपणांस कारवारच्या इंग्रज वखारींतल्या पत्रांवरून कळते. कान्होजी आंग्रे यांची गोष्टहि तशीच. मराठी राज्याचा हा सरखेल १७२९ मध्यें निवर्तला. जिवंत असेतोंवर इंग्रज व पोर्तुगीज या दोघांच्या संयुक्त आरमारासहि त्यानें दाद दिली नाहीं. त्याच्याविरुद्धच्या मोहिमांत असलेला क्लेमंट डाउनिंग हा इंग्रज नाविक पुढें पुस्तक लिहितो, तें १७३७ मध्यें प्रसिद्ध होतें, आणि त्याच्या नांवांतच आंग्र्यास चांचा म्हटलेलें असतें. डाउनिंगचें पुस्तक टाकाऊ आहे असें मात्र नाहीं. जहाजांची बांधणी, तोफा, लढाईची रीत यांविषयीं त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें लिहिलें आहे. पण सरखेल कोणास म्हणावें आणि चांचा कोणास म्हणावें, याचा निवाडा त्यानें आपल्या बाजूनें करून टाकला. आणि आंग्र्यांच्या एखाद्या तांडेलाची रोजनिशी त्याच्यासमोर उभी करावी म्हटलें तर ती आपल्यापाशीं नाहीं.

असें कां झालें? मला याचें एक कारण दिसतें. सुकाणू धरणारा हात आणि लेखणी धरणारा हात आपल्या समाजांत निरनिराळे होते. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी हे लोक समुद्र आपल्या अंगणासारखा ओळखीत, पण त्यांच्यापर्यंत अक्षर पोंचूं दिलेलें नव्हतें. ज्यांच्या घरीं दौत आणि बोरू होता, त्यांच्यासाठीं समुद्रोल्लंघन निषिद्ध ठरलें होतें. परदेशीं जाऊन आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. जो जाई तो लिहीत नसे आणि जो लिही तो जात नसे. ही दरी बुजण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

तिचा एक प्रारंभ कोल्हापुरांतच झाला, आणि तो करुण आहे. छत्रपती राजाराम महाराज वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षीं, १८७० मध्यें, आगबोटीनें विलायतेस गेले. प्रवासांत त्यांनीं इंग्रजींत रोजनिशी ठेविली. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं त्यांचा अंत झाला. आर्नो नदीच्या कांठीं त्यांच्या देहास अग्निसंस्कार झाला. तेथें १८७४ मध्यें उभारलेली छत्री आणि अर्धपुतळा अजून आहे. ती रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनीं संपादित करून १८७२ मध्यें लंडन येथें छापली. तीन गोष्टी येथें एकत्र आल्या. निषिद्ध समुद्र ओलांडणारा मराठी राजा, त्याची स्वतःची लेखणी, आणि ती छापून घेणारें कोणी. त्यामुळेंच आज दीडशे वर्षांनीं त्या तरुणाचे दिवस आपणांस त्याच्याच शब्दांतून दिसतात. रोजनिशी नसती, तर फ्लॉरेन्सच्या छत्रीखालीं केवळ एक नांव उरलें असतें.

जेथें आठवण नसते तेथें कादंबरी धांवून येते. नाथमाधव या नांवानें लिहिणारे द्वारकानाथ माधव पितळे हें त्याचें ठळक उदाहरण होय. शिकारीच्या प्रसंगीं सिंहगडाच्या कड्यावरून पडल्यामुळें त्यांचे पाय कायमचे लुळे पडले. अंथरुणाला खिळलेल्या या माणसानें ‘वीरधवल’ लिहिली आणि ‘सावळ्या तांडेल’ही लिहिली. ज्या तांडेलानें स्वतः लिहिलें नाहीं, त्याला नायकपद देऊन कादंबरीकारानें एक जुनें ऋण फेडण्याचा यत्न केला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. भा. रा. भागवत यांनीं जूल व्हर्नच्या कथा मराठींत आणल्या आणि मुलांच्या कित्येक पिढ्यांना पाणबुडीची व चंद्रप्रवासाची गोडी लावली. व्हर्न स्वतः कांहीं पाणबुडींतून भटकला नव्हता. परंतु त्याची कल्पना भौतिकशास्त्राचा हात धरून चालत असल्यामुळें ती वाऱ्यावर उडून गेली नाहीं.

कादंबरीचा दुसरा वर्ग असा, कीं लेखक स्वतः जहाजावर अर्धें आयुष्य काढून मग लिहावयास बसलेला असतो. जोसेफ कॉनरॅड हा पोलंडचा माणूस. सुमारें वीस वर्षें जहाजांवर नोकरी करून त्यानें इंग्रजींत कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या कथांत वादळ हें वर्णनाचें निमित्त नसतें. मनुष्याचें सत्त्व पारखण्याची ती कसोटी असते. मराठींत अनंत सामंत यांनीं मालवाहू जहाजांवरील नोकरीचा अनुभव घेऊन ‘एम. टी. आयवा मारू’ ही कादंबरी लिहिली. एक जुनाट तेलवाहू जहाज, त्यावर कोंडलेलीं थोडीं माणसें आणि चोहोंकडे पाणी, एवढ्या भांडवलावर ती उभी आहे. किनाऱ्यावरून पाहिलेला समुद्र आणि इंजिनाच्या खोलींतून सोसलेला समुद्र यांतला फरक ती वाचतांना वाचकाला लगेच जाणवतो. दरम्यान कान्होजींचेंहि थोडें उट्टें निघालें. बेळगांवच्या पुढें जगलबेटच्या जंगलांत राहणाऱ्या मनोहर माळगांवकरांनीं १९५९ मध्यें इंग्रजींत त्यांचें चरित्र लिहिलें आणि पु. ल. देशपांडे यांनीं तें मराठींत आणलें. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा ‘एका कोळियानें’ या नांवानें मराठींत आणणारेहि पु. ल.च.

आतां आमच्या काळांतील सर्वांत मोठी सागरकथा सांगतों, कारण तिच्यांत हा सारा विचार मूर्त झाला आहे. तिचें पहिलें प्रकरण मुंबईंत घडलें. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नांवाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें १९६० नंतरच्या वर्षांत मुंबईच्या कुलाब्यांत एक ३२ फुटी सागवानी नौका बांधून घेतली. आपल्याकडच्या सुतारांनीं वाकसासारख्या हातहत्यारांनीं ती घडविली. इराणच्या आखातांतील एका वाऱ्याच्या नांवावरून तिला ‘सुहैली’ हें नांव मिळालें. १४ जून १९६८ रोजीं हा गृहस्थ इंग्लंडच्या फॅल्मथ बंदरांतून एकटा निघाला आणि कोठेंहि न थांबतां पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ रोजीं तेथेंच परतला. मनुष्यानें एकट्यानें, न थांबतां केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. त्याचें पुस्तक त्याच वर्षीं निघालें. ज्या लांकडानें दक्षिण महासागराचे तडाखे सोसले तें मुंबईंत जोडलेलें होतें. त्या सुतारांपैकीं एखाद्यानें आपली हकीकत सांगितली असती, तर मराठी वाचकाला तें पुस्तक केवढें मोलाचें झालें असतें!

दक्षिण महासागराचे तडाखे म्हणजे काय, तें थोडें उलगडतों. दक्षिण गोलार्धांत चाळीस अंशांच्या खालीं पृथ्वीभोंवतीं पाण्याचा जवळजवळ अखंड पट्टा आहे. तेथें पश्चिमेचे वारे वाहतात आणि त्यांना अडविणारा भूभाग फारसा नसल्यामुळें लाटा हजारों मैल वाढत येतात. प्रदक्षिणेस निघालेल्या नौकेला याच पट्ट्यांतून जाऊन आफ्रिकेचें केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचें लीविन आणि दक्षिण अमेरिकेचें हॉर्न हीं तीन टोकें ओलांडावीं लागतात. हॉर्न तर सुमारें ५६ अंश दक्षिणेस आहे. प्रदक्षिणा मान्य होण्यासाठीं सर्व रेखांश ओलांडावे, विषुववृत्त दोनदां ओलांडावें, निघालेल्या बंदरांतच परतावें, आणि एकूण वाटचाल २१,६०० सागरी मैलांहून कमी नसावी, असा दंडक आहे. हा आंकडा कसा आला? ३६० अंश, आणि प्रत्येक अंशास ६० मैल.

ही प्रदक्षिणा भारतीयानें एकट्यानें करावी, असा ध्यास ज्यानें घेतला तो आरमारी अधिकारी मराठी होता, आणि निवृत्तीनंतर तो समुद्रापासून दूर, फलटणजवळच्या विंचुर्णी गांवीं राहत असे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनीं १९७१ च्या युद्धांत वीरचक्र मिळविलें होतें. त्यांच्या आग्रहामुळें भारतीय नौसेनेनें ‘सागर परिक्रमा’ हा उपक्रम हातीं घेतला. कमांडर दिलीप दोंदे पुढें आले. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ५६ फुटी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घडली. मांडवी नदीचें वरच्या अंगाचें नांव म्हादई, तेंच नौकेस दिलें. १९ ऑगस्ट २००९ रोजीं दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन अशा चार ठिकाणीं थांबून २०१० च्या मे महिन्यांत परतले. एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पाठोपाठ अभिलाष टॉमी यांनीं १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या अवधींत त्याच नौकेंतून, कोठेंहि न थांबतां, तीच वाट पुरी केली. २०१७-१८ मध्यें वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं सहा महिला अधिकाऱ्यांनीं ‘तारिणी’ नौकेंतून, आणि २०२४-२५ मध्यें दिलना के. व रूपा ए. या दोघींनींच पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. आवटी २०१८ मध्यें निवर्तले. पण तोंवर त्यांनीं लावलेलें रोप फळलें होतें.

दोंदे यांनीं २०१४ मध्यें आपल्या प्रवासाचें पुस्तक लिहिलें. येथें सुकाणूचा हात आणि लेखणीचा हात एक झाला. त्यांत हॉर्नच्या लाटा आहेत, तसाच नौका बांधतांनाचा खटाटोप, पैशाची ओढाताण आणि सरकारी कागदांचा प्रवासहि आहे. माझ्या मतें साहसाची खरी हकीकत ती हीच. धैर्याचा एक क्षण सांगणें सोपें असतें. त्या क्षणापूर्वींचीं तीन वर्षें सांगण्यास प्रामाणिकपणा लागतो. मात्र हें पुस्तक मुळांत इंग्रजी आहे, हेंहि विसरतां येत नाहीं.

आकाशाचें वाङ्मय वयानें लहान. राइट बंधूंचें उड्डाण १९०३ चें. पण येथें एक गोष्ट प्रथमपासून निराळी होती. वैमानिकाला अक्षरशत्रू राहून चालत नाहीं. नकाशा, हवामान, इंधनाचा हिशेब आणि प्रत्येक उड्डाणाची नोंद त्याला स्वतः ठेवावी लागते. म्हणून उडणें आणि लिहिणें एकाच माणसांत लवकर एकवटलें. फ्रेंच वैमानिक सेंत-एक्झ्युपेरी टपालाचीं विमानें चालवीत असे. दक्षिण अमेरिकेंतील रात्रीच्या टपालावर त्यानें १९३१ मध्यें कादंबरी लिहिली. १९३५ च्या अखेरीस लिबियाच्या वाळवंटांत विमान कोसळून तहानेनें मरतां मरतां वांचला, तो अनुभव १९३९ च्या पुस्तकांत आला. ३१ जुलै १९४४ रोजीं तो टेहळणीच्या उड्डाणावर गेला तो परतलाच नाहीं. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं लहानशा पस मॉथ विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें, आणि पन्नास वर्षांनीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, तोच प्रवास पुन्हां करून दाखविला. ५ जानेवारी १९३९ रोजीं छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत कोल्हापुरांतहि विमानतळ सुरू झाला.

नोंद नसली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आकाशाच्या प्रांतांतहि आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ मध्यें मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविलें, अशी कथा मोठ्या अभिमानानें सांगितली जाते. त्या उड्डाणाचा निर्विवाद असा समकालीन पुरावा हातीं नाहीं. म्हणून ती कथा इतिहासांत बसत नाहीं आणि कादंबरींतहि बसत नाहीं. अभिमानाच्या गोष्टीला तर नोंदीची गरज अधिकच असते.

उलट, नोंद असली म्हणजे वस्तुस्थिति कादंबरीलाहि मागें टाकते. एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगांवकर यांनीं दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानें चालविलीं. १९७६ ते १९७८ या काळांत ते वायुसेनेचे प्रमुख होते, आणि त्यांनीं आपल्या आठवणी इंग्रजींत लिहून ठेविल्या. दिलीप पारूळकर यांची कथा तर विलक्षणच. १० डिसेंबर १९७१ रोजीं त्यांचें विमान पाडलें गेलें व ते युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणींतून मलविंदर सिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी यांच्यासह, कोठडीची भिंत फोडून, १३ ऑगस्ट १९७२ रोजीं पहाटेपूर्वीं ते निसटले. पेशावर ओलांडून ते लंडीकोतलला पोंचले; अफगाण सरहद्द कांहीं मैलांवर होती. त्यांच्या नकाशांत पुढचें स्थानक लंडीखाना दाखविलेलें होतें. त्यांनीं तेथें जाण्याची चौकशी केली आणि संशय आला, कारण लंडीखान्याची आगगाडी १९३२ मध्येंच बंद झाली होती! एका जुन्या नकाशानें तिघांना पकडून दिलें. वर्षअखेरीस ते मायदेशीं परतले. अशी कलाटणी कोणत्या कादंबरीकाराला सुचली असती? या सुटकेवरचें प्रसिद्ध पुस्तक मात्र फेथ जॉन्स्टन या कॅनडांतील लेखिकेनें २०१३ मध्यें इंग्रजींत लिहिलें. तिनें तें जिव्हाळ्यानें आणि मेहनतीनें लिहिलें, याबद्दल आपण तिचे ऋणीच आहोंत. तरीहि मराठी वाचकाच्या मनांत एक हुरहूर राहून जाते.

घरांतील मुलांच्या हातीं अशीं पुस्तकें देतांना कोणतीं निवडावींत, असें पुष्कळ पालक विचारतात. मला तीन खुणा सांगतां येतील. पहिली खूण अशी कीं, ज्या पुस्तकांत कांहीं न घडलेल्या दिवसांचाहि हिशेब आहे, तें बहुधा खरें असतें. समुद्रावरचे शंभरांतले नव्वद दिवस दुरुस्तीचे, स्वयंपाकाचे आणि वाट पाहण्याचे असतात. दुसरी, लेखक आपल्या भीतीविषयीं बोलतो काय तें पाहावें. जो म्हणतो कीं मला भय वाटलें नाहीं, तो एक तर गेला नसावा किंवा लपवीत असावा. तिसरी, वस्तूंना नांवें आहेत कीं नाहींत. दोर, शीड, खीळ, झडप, इंधनाची टांकी यांचीं नेमकीं नांवें ज्याला ठाऊक आहेत, त्याच्यावर विसंबावें. कादंबरीलाहि ह्याच कसोट्या लागू पडतात. कादंबरींतला नायक कल्पित असला तरी वारा कल्पित असून चालत नाहीं.

आणि आतां शेवटचें, पण मला सर्वांत महत्त्वाचें वाटणारें. आज मराठी माणूस समुद्रावर आहे आणि आकाशांतहि आहे. १९८५ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्याहून सिल्चरला गेलेल्या, सर्वस्वीं महिलांनीं चालविलेल्या विमानाच्या कप्तान सौदामिनी देशमुख होत्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील गांवोगांवीं परदेशी जहाजांवर उमर घालविलेले खलाशी व इंजिनिअर आहेत. घाटमाथ्यावरच्या गांवांतून आणि शहरांतून आरमारांत, वायुसेनेंत, मालवाहू जहाजांवर गेलेले कितीतरी लोक निवृत्त होऊन घरीं बसले आहेत. जेवणानंतर ओटीवर ते एखादी गोष्ट सांगतात, नातवंडें ऐकतात आणि निजतात. ती गोष्ट तेथेंच विरून जाते. आतां लिहिण्यास बंदी नाहीं, समुद्र निषिद्ध नाहीं, अक्षर सर्वांस खुलें झालें आहे. आणि ज्याला लिहिण्याचा कंटाळा, त्याचा आवाज खिशांतल्या यंत्रावर उतरून घेतां येतो. पांचशे वर्षांपूर्वींच्या खेळण्याच्या तांडेलास जी सबब होती, ती आज आपणांस उरलेली नाहीं.

तेव्हां आपल्या घरीं असा कोणी काका, मामा, आजोबा किंवा आत्या असेल, तर त्यांना वही आणून द्यावी. कोणत्या सालीं, कोणत्या जहाजावर, कोणत्या बंदरांतून, वारा कसा होता, पगार किती होता, काय खाल्लें, कोणाची आठवण झाली, एवढेंच विचारावें. भाषा अलंकारिक नसली तरी चालेल. किंबहुना नसलेलीच बरी. साहस त्यांनीं करून ठेविलेलें आहे. त्याचा दुसरा भाग पुरा करून घेणें एवढेंच काम आपल्याकडे आलें आहे, आणि तें मराठींत व्हावें.